बाबांच्या मानेतली धमनी: आतून उपचार करावेत की राहू द्यावं?

पत्र

डॉक्टर, माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं, मग रेडिएशन झालं. तेव्हापासून ते गळ्याच्या भोकातून श्वास घेतात आणि बोलायचं ते पाटीवर लिहितात. गेल्या वर्षी मानेत डाव्या बाजूला गाठ परत आली म्हणून पुन्हा रेडिएशन दिलं. तिथली जखम काही भरली नाही, तिच्यातून लाळ पाझरते. जेवण पोटातल्या नळीतून चालू आहे. छातीतही छोट्या गाठी दिसल्या आहेत. किमो सध्या थांबवली आहे. तरी ते स्वतःचं स्वतः आवरतात, खोलीत फिरतात, नातवाला गणितं घालतात.

मागच्या आठवड्यात ड्रेसिंग बदलताना जखमेतून एकदम लालभडक रक्त आलं. तीन-चार गॉज भिजले. मी दाबून धरलं आणि दहा मिनिटांत थांबलं. आता ते वॉर्डात आहेत. सीटी अँजिओग्राफीत डाव्या कॅरोटिड धमनीला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला, फुगवटा दिसला. एक डॉक्टर म्हणतात, जांघेतून नळी घालून स्टेंट बसवू किंवा ती धमनी कायमची बंद करू. दुसरे म्हणतात, आजार एवढा पुढे गेला आहे, नीट विचार करा. दादा म्हणतो, आता आणखी हाल नकोत. आईला आणि बाबांना आम्ही 'जखमेत थोडा संसर्ग आहे' एवढंच सांगितलं आहे. रक्त तर थांबलं आहे. मग हे करावं का? नाही केलं तर काय होईल? आणि घरी असताना पुन्हा रक्त आलं तर मी काय करायचं?

– एक मुलगी

उत्तर

तुमच्या पत्राचं उत्तर त्याच दिवशी तुम्हाला मेलने पाठवलं आहे. अशा प्रश्नाला सदराच्या वाराची वाट बघता येत नाही. इथे तेच थोडं विस्ताराने देतो आहे, कारण या पेचात सापडलेल्या तुम्ही एकट्या नाही. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचे स्कॅन पाहिलेले नाहीत. तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या टीमचा आणि त्याहून जास्त बाबांचा.

'रक्त तर थांबलं आहे' हे तुमचं वाक्य आधी घेतो, कारण सगळं घर त्या वाक्याच्या आधाराने उभं असेल. रक्त थांबलं हे बरंच झालं. पण उघड्या, रेडिएशन झालेल्या जखमेतून आलेलं असं लालभडक रक्त बहुतेक वेळा पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असते. पुढचा स्राव काही तासांनी होईल, काही दिवसांनी की काही आठवड्यांनी, हे कुणालाच सांगता येत नाही. सीटीत फुगवटा दिसला नसता तर मी थोडं सबुरीने लिहिलं असतं. तो दिसलाय म्हणजे धमनीची भिंत तिथे फाटली आहे आणि भोवतालच्या ऊतींनी रक्त कसंबसं धरून ठेवलं आहे. डॉक्टर लोक याचे तीन टप्पे करतात. पहिल्यात धमनी नुसती उघडी पडलेली असते, रक्त आलेलं नसतं. दुसऱ्यात रक्त येतं आणि दाबल्यावर थांबतं. तिसऱ्यात ते थांबत नाही. बाबा दुसऱ्या टप्प्यात आहेत, आणि विचार करायला जी काही सवड मिळते ती याच टप्प्यात.

हे का होतं, तेही सांगतो, म्हणजे 'माझ्याकडून ड्रेसिंग करताना चूक झाली का' हा प्रश्न मनात असेल तर निघून जाईल. मोठ्या धमनीच्या भिंतीलाही स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. तो तिच्या बाहेरच्या आवरणातल्या अगदी बारीक वाहिन्यांतून होतो. मानेतल्या गाठी काढताना हे आवरण उघडं पडतं. रेडिएशनने त्या बारीक वाहिन्या बुजत जातात, आणि दुसऱ्यांदा रेडिएशन दिलं की उरल्यासुरल्याही जातात. त्यातच लाळेचा सततचा पाझर, जंतू आणि भिंतीला येऊन भिडलेली गाठ. भिंत आतून-बाहेरून झिजत आलेली होती. तुम्ही हलक्या हाताने गॉज काढला काय किंवा काढला नसता काय, हे व्हायचंच होतं. उलट दहा मिनिटं न घाबरता दाबून धरलंत, म्हणून आज हा विचार करायला वेळ मिळाला.

मग बाहेरून मान उघडून धमनी शिवून का टाकत नाहीत? रेडिएशन झालेल्या, संसर्ग असलेल्या जागी टाके धरत नाहीत, आणि जखम उघडण्यातच धमनी फुटायची भीती असते. म्हणून आतून जायचं. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची साधी युक्ती मांडली. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची अरुंद झालेली धमनी अशीच आतून रुंद केली. त्या बाईंनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता! आतून करायच्या या साऱ्या उपचारांची सुरुवात तिथली. बाबांच्या बाबतीत जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मानेपर्यंत नेतील, एक्स-रेत दिसणारं औषध सोडून फुगवटा नेमका कुठे आहे ते पडद्यावर पाहतील आणि मग दोनपैकी एक गोष्ट करतील.

एक म्हणजे कव्हर्ड स्टेंट. जाळीची नळी, वर पातळ आवरण. ती फाटलेल्या जागी आतून बसते, भोक झाकलं जातं आणि मेंदूकडे जाणारं रक्त चालू राहतं. ऐकायला हे फारच छान वाटतं, आणि घरच्यांचा ओढाही साहजिकच इकडे असतो. पण बाबांची जखम उघडी आहे, तिच्यात लाळ येते. तिथे बसवलेली ही परकी वस्तू पुढे संसर्गाने वेढली जाऊ शकते. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त येऊ शकतं. स्टेंटच्या आत गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. ती होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बहुधा दोन, चालू ठेवाव्या लागतात. ज्या जखमेतून रक्त येण्याची भीती, त्याच माणसाला रक्त पातळ करणारी औषधं! हा पेच खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो भागच कॉइल (बारीक तारेची वेटोळी) किंवा प्लग (बूच) टाकून कायमचा बंद करायचा. अशा घाण जखमेत हे जास्त टिकतं. धोका मेंदूचा. डावी कॅरोटिड बंद केल्यावर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला उजवीकडून आणि मागच्या धमन्यांतून रक्त पुरलं पाहिजे. मेंदूच्या तळाशी या सगळ्या धमन्या एका कड्यात जोडलेल्या असतात, पण ते कडं सगळ्यांचं पुरतं जुळलेलं नसतं. शिवाय दोनदा रेडिएशन झालेल्या माणसाची उजवी कॅरोटिडही अरुंद झालेली असू शकते. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

पुरवठा पुरेल की नाही हे आधी तपासता येतं. रुग्ण जागा असताना धमनीत छोटा बलून फुगवून साधारण १५ ते ३० मिनिटं रक्त अडवून धरतात आणि त्याला हात हलवायला, बोटं मोजायला, बोलायला सांगतात. काही त्रास दिसला की बलून लगेच उतरवतात. इथे मला तुमच्या पत्रातली पाटी आठवली. बाबा बोलू शकत नाहीत. टीमला हे माहीत असलं तरी कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळीचे हे उपचार करतात त्या खोलीत, हिरव्या कापडाखाली झोपलेल्या माणसाची पाटी बाहेर खुर्चीवर राहून जाते, आणि आतला नवा माणूस 'आजोबा, नाव सांगा' म्हणत राहतो. तेव्हा सांगून ठेवा की पाटी-पेन्सिल आत जाऊ द्या, बाबांना आधी चार शब्द लिहायला लावा आणि बलून फुगवल्यावर तेच पुन्हा लिहायला लावा. अक्षर बिघडलं, शब्द अडखळला, तर ती फार उपयोगाची खूण आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. बाबा उजव्या हाताने लिहीत असतील, तर भाषा आणि उजवा हात हे दोन्ही मेंदूच्या बहुधा डाव्या बाजूला. फुगवटा डाव्या धमनीला. एखाद्या बोलत्या माणसाला मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका (स्ट्रोक) आला तर त्याची वाचा जाते. बाबांची वाचा आधीच गेली आहे. त्यांच्याकडे उरलंय ते लिहिणं. झटका आला तर तेच जाईल. तेव्हा 'स्ट्रोकचा धोका किती टक्के' एवढंच विचारून थांबू नका. 'झटका आलाच तर यांचं लिहिणं जाईल का, आणि ते वाचवायला कुठला मार्ग बरा' हे विचारा. चाचणीत सगळं ठीक दिसूनही काहींना धमनी बंद केल्यावर तासा-दिवसांनी झटका येतो, हेही ऐकून ठेवा. म्हणूनच त्यानंतर एक-दोन दिवस सपाट झोपवून ठेवतात आणि रक्तदाब पडू देत नाहीत.

माझं मत विचाराल तर, बलूनची चाचणी नीट पार पडली तर अशा लाळ-संसर्गाच्या जखमेत धमनी बंद करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. चाचणीत हात लुळा पडला किंवा कडं अपुरं निघालं, तर स्टेंट, त्याच्या सगळ्या उणिवांसकट. मात्र अचानक मोठा रक्तस्राव सुरू झाला तर चाचणी करायला वेळच राहत नाही. तेव्हा जे हाताशी असेल ते करावं लागतं. आज ठरवण्याचा खरा फायदा हा आहे. आणि फुगवटा मुख्य धमनीवर नसून चेहऱ्याकडे, जिभेकडे जाणाऱ्या फांदीवर असला तर गोष्ट बरीच सोपी होते. तिथे इतर फांद्यांतून रक्त पोचतं आणि ती फांदी बंद केल्याने मेंदूला सहसा काही होत नाही. तुमच्या पत्रात नुसतं 'कॅरोटिड' आहे. नेमकी कुठली, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल.

इतर वाचकांसाठी इथेच थोडं थांबतो. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये धमनीतून रक्त जाण्याचे प्रसंग मानेपुरते नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये खोकल्यातून रक्त पडतं तेव्हा ब्राँकियल (श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या) धमनीत बारीक कण सोडून ती बुजवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधला अंगावरून जाणारा स्राव असाच ओटीपोटातल्या धमन्या बुजवून आटोक्यात आणता येतो. यकृतातली गाठ पोटात फुटली तरी तेच. ओटीपोटाचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या, मूत्रवाहिनीत बरेच दिवस स्टेंट असलेल्या माणसाच्या लघवीतून मधूनमधून लालभडक रक्त येत असेल, तर मूत्रवाहिनी आणि तिच्यामागची धमनी एकमेकींना जोडली गेली आहे का, हे आवर्जून बघायला सांगा. हे वरचेवर निसटतं, आणि धमनीत कव्हर्ड स्टेंट घालून त्यावर उपाय होतो. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच: ही धमनी पुढे कशाला रक्त देते? गर्भाशयाच्या धमनीला शेजारून भरपूर मदत मिळते. ब्राँकियल धमनीजवळून कधीकधी मज्जारज्जूला जाणारी फांदी निघते. कण तिच्यात गेले तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून आधी ती शोधतात आणि दिसली तर नळी तिच्या पुढे नेतात, ते जमणार नसेल तर थांबतात. मानेत पुढे मेंदू आहे. तंत्र सगळीकडे तेच असलं तरी चुकलं तर काय गमवावं लागेल, ते प्रत्येक जागी वेगळं.

आता दादाच्या म्हणण्याकडे. 'आणखी हाल नकोत' यात गैर काहीच नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी विचार करायला सांगितलं तेही योग्यच. या उपचाराने कॅन्सर तसूभरही कमी होणार नाही. छातीतल्या गाठी तिथेच राहतील, जखम भरणार नाही. पुढे दुसऱ्या जागेतून रक्त येऊ शकतं. काही दिवस वॉर्डात जातील. हे सगळं मान्य करूनच पुढे बोलायचं. धमनी बंद करून किंवा झाकून साधायचं एवढंच की बाबा अचानक रक्त जाऊन जाऊ नयेत, आणि पुढचे जे काही दिवस-महिने आहेत ते त्या भीतीच्या छायेत जाऊ नयेत.

एवढ्यासाठी हे करावं का? माझा कल कशावर ठरतो ते सांगतो. माणूस दिवसातला बहुतेक वेळ जागा असेल, आपलं आपण आवरत असेल, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांच्या अंदाजाने पुढे काही महिने दिसत असतील, तर मी करा म्हणेन आणि लवकर करा म्हणेन. तोच माणूस गेल्या दोन आठवड्यांत अंथरुणाला खिळला असेल, दिवसाचा मोठा भाग झोपेत जात असेल, नळीतून दिलेलंही पचत नसेल, तर टेबलावर नेऊन काही साधणार नाही. तुम्ही लिहिता, बाबा नातवाला गणितं घालतात. या एका ओळीमुळे माझा कल पहिल्या बाजूला झुकतो. पण किमो का थांबवली, हे तुमच्या पत्रात नाही. जखम चिघळली म्हणून थांबवली असेल तर एक गोष्ट, शरीर झेपेनासं झालं म्हणून थांबवली असेल तर दुसरी. कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'ही धमनी मध्ये आली नसती तर बाबा किती दिवस काढतील असं तुम्हाला वाटतं? दिवस, आठवडे की महिने?' नेमका आकडा कुणी देणार नाही. या तीनपैकी एक शब्द मात्र मिळू शकतो, आणि तेवढा पुरतो.

दादाला आणखी एक सांगा. 'नको' म्हटलं म्हणजे काही करायचं उरलं नाही, असं होत नाही. नको म्हणायचं असेल तर त्या दिवसाची तयारी त्याहून जास्त नीट करावी लागते. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी ठेवण्याकडे लक्ष देणाऱ्या, टीमला आजच बोलावून घ्या. मोठा स्राव झालाच तर काय, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. गडद रंगाचे टॉवेल आणि चादर खाटेजवळ ठेवतात, पांढऱ्या कापडावर पसरलेलं रक्त पाहून रुग्ण आणि घरचे दोघंही हादरतात म्हणून. ग्लानी आणणारं इंजेक्शन तयार ठेवतात, ते कुणी, कसं द्यायचं हे घरच्यांना शिकवतात. खरं सांगायचं तर मुख्य धमनी फुटली तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते आणि इंजेक्शनचा असर व्हायलाही बरेचदा वेळ मिळत नाही. म्हणून सगळे अनुभवी लोक एकच गोष्ट बजावतात: इंजेक्शन शोधायला धावू नका, माणसाजवळ थांबा, हात धरा, बोलत राहा. ही तयारी नसेल, तर होतं ते असं: रात्री दोनला रक्त येतं, सगळे पळापळ करतात, अँब्युलन्स येते, दादा 'नको' म्हणालेला असतो तरी कॅज्युअल्टीत नळ्या घातल्या जातात, कारण ड्यूटीवरच्या डॉक्टरला कुणी काही सांगितलेलंच नसतं. दादाला जे हाल नको आहेत, ते नेमके हेच.

हा झाला तुमचा आणि दादाचा विचार. बाबांना विचारलंत का? मला तुमच्या पत्रात खटकलेली गोष्ट हीच. वयाने मोठ्या, धडधाकट डोक्याच्या माणसाला 'थोडा संसर्ग आहे' सांगून त्याच्या मानेतल्या धमनीचा निकाल बाहेरच्या बाकड्यावर लावायचा, हे योग्य नाही. सही त्यांची लागेल हा एक भाग. पण बलूनची चाचणी जागेपणी होते. काय चाललंय हे माहीत नसलेला माणूस टेबलावर घाबरेल, हलेल, आणि चाचणीच बिघडेल. शिवाय त्यांनी ते रक्त पाहिलंय. तीन वर्षं हा आजार अंगावर काढलेल्या माणसाला गॉज कशाने भिजले हे कळत नाही, असं समजू नका. ते विचारत नसतील तर तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

सांगायचं कसं? एका बैठकीत सगळं ओतू नका. 'बाबा, त्या दिवशी रक्त आलं ते मानेतल्या मोठ्या धमनीतून होतं. डॉक्टर त्यावर एक उपाय सुचवतायत. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की आम्ही ऐकून ठरवावं?' एवढंच विचारा आणि पाटी पुढे करा. त्यांना ऐकायचं असेल तर डॉक्टरांना बोलवा. ऐकायचं नसेल तर कुणावर सोपवायचं ते लिहून घ्या. मग त्यांना विचारा, कशाची सर्वांत जास्त भीती वाटते. कुणी मरणाचं लिहील, कुणी वेदनेचं, कुणी 'लुळा पडून राहायचं नाही' असं लिहील. शेवटचं उत्तर आलं तर धमनी बंद करण्याबद्दलचं माझं वरचं मत बाजूला ठेवा. त्या उत्तराला जास्त वजन आहे. आईलाही सांगायला हवं, पण ते बाबा ठरवतील, कधी आणि किती ते.

करायचं ठरलं तर काही बारीकसारीक. बाबा आत्ता कुठली रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, ते सांगा. स्वतःहून बंद करू नका. किडनीचा रिपोर्ट ताजा असू द्या, कारण आत सोडायच्या औषधाचा ताण किडनीवर येतो; आधी कधी अशा औषधाने पुरळ किंवा धाप आली असेल तर तेही सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती गोळी थांबवायची का, हे विचारून घ्या. नळी काढल्यावर काही तास तो पाय सरळ ठेवावा लागतो. आणि स्टेंट बसला तर गोळ्या पोटातल्या नळीतून जाणार. अ‍ॅस्पिरिनच्या काही गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. ती गोळी कुटली तर आवरणाचा उपयोग राहत नाही आणि तुकड्यांनी नळीही तुंबते. कुटून देता येईल अशीच गोळी लिहून मागा. सुटी देण्याच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, घरी रक्त आलं तर. उपचार झालेले असोत वा नसोत, पहिली पाच मिनिटं सारखीच. हातमोजा असेल तर घाला, नसेल तर स्वच्छ कापड घ्या आणि जिथून रक्त येतंय तिथेच थेट, घट्ट दाबा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' पाहू नका. आधीचा गॉज आत चिकटला असेल तर ओढू नका, त्याच्यावरूनच दाबा. गळ्याचं भोक मात्र झाकलं जाता कामा नये. बाबांचा श्वास तिथूनच चालतो, आणि रक्त तिथे ओघळलं तर ते थेट फुप्फुसात जाईल. म्हणून त्यांना रक्त येणाऱ्या बाजूवर, म्हणजे डाव्या कुशीवर, थोडं पुढे कलतं ठेवा. सक्शन मशीन घरी असेल तर ते रोज चालू करून पाहायचं, म्हणजे त्या दिवशी अडणार नाही. तोंडातून किंवा भोकातून रक्त यायला लागलं तर ते थोडं असलं तरी 'उद्या बघू' म्हणायचं नाही. पुढे फोन कुणाला करायचा, हे मात्र आधी काय ठरलंय त्यावर आहे. उपचार घ्यायचे ठरले असतील तर अँब्युलन्स, आणि जिथे कॅथलॅब आहे त्याच रुग्णालयात. जवळचं पण ती सोय नसलेलं रुग्णालय गाठण्यात वेळ जातो. घेणार नसाल तर पॅलिएटिव्ह टीमचा रात्रीचा नंबर.

रात्री बाबांजवळ कोण झोपणार, हे तुम्ही, दादा आणि घरातलं आणखी कुणी असं वाटून घ्या. ज्याला रक्त पाहवत नाही त्याने ते आधीच सांगावं, त्यात लाज नाही. त्याच्याकडे फोन आणि दार सोपवा. सगळ्या रात्री तुम्ही एकट्याने काढल्यात तर आठवड्यात तुम्हीच आडव्या व्हाल.

जे ठरेल ते एका कागदावर लिहा: कुठल्या धमनीला काय झालंय, काय केलंय किंवा काय न करायचं ठरलंय, ते बाबांना मान्य आहे, त्यांची सही, तुमच्या डॉक्टरांची सही, दोन फोन नंबर. शिवाय मोठ्या अक्षरात: 'रुग्ण गळ्याच्या भोकातून श्वास घेतो, बोलू शकत नाही, लिहून सांगतो.' हा कागद फाइलच्या पहिल्या पानाला लावा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरला तीन वर्षांची जाडजूड फाइल चाळायला सवड नसते. पहिलं पान तो नक्की वाचतो.